एकशे अठ्ठावीस खणांचे कपाट

‘फादर, आता पेटी नको आणि तबलाही नको. यात सगळी वाद्ये आहेत.’ आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदातील एका उत्साही तरुणाने नव्या की-बोर्डवर हात ठेवून हे वाक्य आम्हांला ऐकवले, त्याला आता दोन वर्षे होतील. आम्ही मान डोलावली आणि धनादेशावर सही केली, हे आधीच कबूल केलेले बरे. कारण पुढे जे लिहायचे आहे त्यातील दोषाचा मोठा वाटा आमच्याच पदरात पडतो. आता येत्या सर्वसाधारण सभेपुढे त्याच वाक्याचा उत्तरार्ध प्रस्तावरूपाने आला आहे: पेटी विकून टाकावी आणि तबलजींना देण्यात येणारे मानधन बंद करावे. ज्या तीन शब्दांवर या प्रस्तावाचा सारा डोलारा उभा आहे, ते ‘सगळी वाद्ये आहेत’ हे शब्द खरे आहेत काय, हे तपासणे आम्हांला अगत्याचे वाटते. आमचे मत लपवून ठेवण्याचे कारण नाही. ते शब्द खरे नाहीत. त्या यंत्रात जे आहे ते एका यादीबरहुकूम भरलेले आहे, आणि ती यादी आपण केलेली नाही.

वाद्याचा आवाज निवडणे ही कला या यंत्राहून पुष्कळ जुनी आहे. पाइप ऑर्गनचा वादक पट्ट्यांच्या बाजूच्या खुंट्या ओढतो. एक खुंटी ओढली की नळ्यांच्या एका रांगेला वारा मोकळा होतो. कोणत्या रांगा एकत्र बोलाव्यात, कोणत्या गप्प राहाव्यात, हे तो गीताचा भाव पाहून, मंदिराच्या भिंतींचा घुमारा पाहून आणि लोकांचा गळा किती मोकळा झाला आहे ते ऐकून ठरवतो. सेमिनरीत आमच्या वाट्याला पायपेटी आली होती. तिला खुंट्या मोजक्याच. पण आगमनकाळात अमुक खुंटीला हात लावायचा नाही, हे आम्हांला स्वराआधी शिकवले गेले. थोडक्यात, निवड करणारा माणूस वाद्यापाशी बसलेला असे.

विजेवर चालणारे सिंथेसायझर आले तेव्हाही आरंभी असेच होते. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग सिंथेसायझर बसवण्यात आला. असल्या यंत्रात आवाजाला नावही नसे आणि क्रमांकही नसे. एका घटकातून दुसऱ्या घटकात वायरी खोचून आवाज बांधावा लागे. वायरी उपटल्या की आवाज मोडला. वायर जोडण्याच्या या क्रियेला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणत. आज की-बोर्डमधील तयार आवाजालाही वादक ‘पॅच’च म्हणतात, पण वायर केव्हाच गेली आणि तिच्याबरोबर जोडणारा हातही गेला. १९७८ साली बाजारात आलेल्या प्रॉफेट-५ या वाद्यात सूक्ष्मसंगणक बसवून चाळीस आवाज स्मरणात ठेवण्याची सोय करण्यात आली. बटण दाबा, बांधलेला आवाज पुन्हा हजर. वादकांना केवढा हर्ष झाला असेल! आम्हांलाही तो समजतो. पण आवाजाला क्रमांक चिकटला तो येथून.

पुढची पायरी मिडीची. म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या लांबलचक नावाची ही आद्याक्षरे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ व जपानमधील इकुतारो काकेहाशी या दोघा वाद्यनिर्मात्यांच्या पुढाकाराने ही पद्धत आकाराला आली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडली गेली आणि एकावर बोट ठेवताच दुसरे बोलू लागले. या कामगिरीबद्दल २०१३ साली दोघांना ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. प्रतिस्पर्ध्यांनी एक भाषा मान्य करावी हे व्यापारात क्वचितच घडते. त्याचे श्रेय आम्ही कोणाकडूनही हिरावून घेऊ इच्छित नाही.

आता एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण सगळा घोटाळा तिच्या अज्ञानातून होतो. मिडीच्या केबलमधून नाद जात नाही, निरोप जातो. ‘साठ क्रमांकाची पट्टी दाबली गेली, अमुक जोराने दाबली गेली,’ एवढाच तो निरोप असतो. पियानोच्या मधोमध असलेल्या सी या स्वराचा क्रमांक साठ. असा एक निरोप जायला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग लागतो. स्वर पियानोचा उमटेल की सनईचा, हे त्या निरोपात लिहिलेले नसते. त्यासाठी वेगळा निरोप आधी पाठवावा लागतो. त्याला ‘प्रोग्रॅम चेंज’ म्हणतात आणि त्यात दोनच गोष्टी असतात: सोळा वाहिन्यांपैकी कोणती वाहिनी आणि कितव्या क्रमांकाचा आवाज. जणू एखादा शेठ दुकानातील नोकराला म्हणतो, ‘विसावा खण उघड.’ खणात काय आहे हे शेठ सांगत नाही. नोकराने जे भरून ठेवले असेल ते बाहेर येते.

खण किती? एकशे अठ्ठावीस. हा आकडा संगीतातून आलेला नाही, ग्रंथांतूनही आलेला नाही. मिडीचा प्रत्येक शब्द आठ अंकांचा; त्यातील पहिला अंक ‘हा हुकूम आहे की नुसती माहिती’ हे सांगण्यात खर्ची पडतो. उरलेल्या सात जागांवर शून्य आणि एक मांडण्याचे प्रकार बरोबर एकशे अठ्ठावीस होतात. यंत्र शून्यापासून मोजते, माणूस एकापासून. म्हणून पडद्यावर जो विसावा दिसतो तो केबलमधून एकोणीस म्हणून जातो. या एकाच्या फरकाने कित्येक वादकांना भलत्याच वाद्याच्या घरी पोहोचवले आहे.

१९८३ ते १९९१ या काळात प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने खण भरीत असे. एकाच्या विसाव्या खणात ऑर्गन, तर दुसऱ्याच्या विसाव्यात ढोल. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९१ साली ‘जनरल मिडी’ नावाची सामायिक यादी ठरली: सोळा कुळे आणि प्रत्येक कुळात आठ आवाज. तालवाद्यांसाठी दहावी वाहिनी राखून ठेवली गेली. हेतू सोयीचा होता. एका यंत्रावर बांधलेले गीत दुसऱ्यावर ओळखू येईल असे वाजावे. सोयीसाठी केलेली यादी पुढे कायदा कशी बनते, हे आता पाहू.

यादी आम्ही वहीत उतरवून काढली आहे आणि ती वाचताना हसावे की रडावे हे आम्हांला कळेना. क्रमांक एक पियानो. (१९०३ साली पोप दहावे पायस यांनी पियानोला चर्चमध्ये मज्जाव केला होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.) क्रमांक वीस चर्च ऑर्गन, म्हणजे शेकडो वर्षांच्या खुंट्या ओढण्याच्या विद्येला एक खण. एकविसावा रीड ऑर्गन, म्हणजे आमच्या पायपेटीची बहीण. बावीस अॅकॉर्डियन, तेवीस माउथ ऑर्गन आणि चोवीस टँगो नाचाचा अॅकॉर्डियन! टँगो नाचणाऱ्यांच्या अॅकॉर्डियनला स्वतंत्र खण मिळाला. भजन, कीर्तन, नाट्यपद आणि आपली उपासना ज्या हातपेटीवर पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली, तिला मिळाला नाही. एक्केचाळिसावे व्हायोलिन, आणि एकशे अकरावे ‘फिडल’. वाद्य तेच. सभागृहात वाजले तर व्हायोलिन, खेडुताने वाजवले तर फिडल, आणि त्याची रवानगी दुसऱ्या आळीत.

त्या दुसऱ्या आळीचे नाव आहे ‘एथ्निक’. एकशे पाच ते एकशे बारा. सतार, बँजो, जपानचे शामिसेन आणि कोतो, आफ्रिकेचे कालिंबा, बॅगपाइप, ते फिडल आणि शेवटी ‘शनाई’. पियानो कोणत्याही वंशाचा नाही, तो सर्व जगाचा. सतार मात्र वंशाची! सबंध भारतखंडाला दोन खण मिळाले, तेही इतर सर्वांच्या गर्दीत. वीणा, सारंगी, बासरी, तंबोरा यांची नावेसुद्धा नाहीत. आणि खण कमी पडले असे कोणी म्हणेल, तर अखेरचे कूळ पाहावे: समुद्राची गाज, पक्ष्यांची किलबिल, टेलिफोनची घंटी, हेलिकॉप्टर, टाळ्यांचा कडकडाट आणि एकशे अठ्ठाविसावा, बंदुकीची गोळी. सारंगीला जागा नाही, गोळीला आहे.

तालवाद्यांकडे वळावे तर तेथे पट्टी क्रमांक पस्तीसपासून एक्क्याऐंशीपर्यंत सत्तेचाळीस आघात आहेत. बोंगो आहे, कोंगा आहे, टिंबाले आहे. ब्राझीलच्या कुईकाला तर दोन पट्ट्या आहेत, एक मिटलेली व एक उघडी. त्या देशांच्या संगीताचा आम्हांला हेवा वाटत नाही, त्यांनी आपले मागून घेतले असेल. पण तबला नाही, ढोलक नाही, मृदंग नाही. घुमट कोठून असणार? गोव्यात मांडोला साथ करणारे आणि उत्तर कोकणातील आपल्या लग्नघरांत वाजत आलेले ते मातीचे वाद्य यादी करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसावे. त्यांना दोष द्यावा काय? अमेरिकेतील व जपानमधील वाद्यनिर्मात्यांनी आपल्या गिऱ्हाइकांसाठी यादी केली. दोष आमचा, की ती ‘सगळी वाद्ये’ म्हणून आम्ही घरी आणली.

येथे आमचा तरुण मित्र म्हणेल, आणि तो म्हणालाच: ‘फादर, तुमची माहिती जुनी आहे. भारतीय बाजारासाठी काढलेल्या की-बोर्डमध्ये तबला आहे, तंबोरा आहे, हार्मोनियमसुद्धा आहे.’ खरे आहे. यामाहाने, कॅसिओने भारतासाठी अशी वाद्ये काढली आहेत आणि आम्ही ती ऐकली आहेत. ते आवाज एकशे अठ्ठाविसांच्या बाहेर कसे बसवले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. मिडीत ‘बँक सिलेक्ट’ नावाची सोय आहे. कपाट एकच नाही. कपाटांची वखार आहे. आधी दोन अंक पाठवून कपाट निवडायचे, मग तिसरा अंक पाठवून खण उघडायचा. हिशेब केला तर वीस लाखांहून अधिक खण भरतात. तेव्हा जागा नव्हती ही सबब टिकत नाही. परंतु पहिल्या कपाटातील यादी सर्वांना समान आहे, दुसऱ्या कपाटापासून पुढे ज्याचे त्याचे राज्य. एका कंपनीने तबला ज्या कपाटात ठेवला, त्या कपाटात दुसऱ्या कंपनीने काहीच ठेवलेले नसते. अनोळखी कपाट मागितले की पुष्कळ यंत्रे निमूटपणे पहिल्या कपाटातील त्याच क्रमांकाचा खण उघडतात.

याचा प्रसाद आम्हांला एका सणाच्या मिस्साला मिळाला. अर्पणगीताची तयार फाइल बाजारातून विकत आणली होती. ती ज्या यंत्रावर बांधली होती ते आमचे नव्हते. मिरवणूक निघाली, लहान मुली फुले घेऊन चालू लागल्या, आणि जेथे तबल्याने ठेका धरायचा तेथे पियानोच्या खालच्या पट्ट्या कोणीतरी मुठीने बडवाव्यात तशा धडधडू लागल्या. वादक बटणे शोधू लागला. भाविक एकमेकांकडे पाहू लागले. आमचे तबलजी काका त्या दिवशी बाकावर बसले होते, कारण त्यांची गरज नाही असे त्यांना सांगण्यात आले होते. ते उठले नाहीत. त्यांनी मांडीवर हलकेच ताल धरला, तो आसपासच्या बाकांनी उचलला, आणि गीत कसेबसे वेदीपर्यंत पोहोचले. त्यानंतर एका शब्दानेही त्यांनी आम्हांला टोमणा मारला नाही. मारला असता तर आम्हांला हलके वाटले असते.

आणि समजा, कपाट बरोबर उघडले. तरी खणातला तबला तबला असतो काय? डग्ग्यावर ‘घे’ वाजवताना हाताचा तळवा कातडीवर सरकतो आणि स्वर वर चढतो. ती वळणदार हाक म्हणजेच तबल्याचा जीव. पट्टीला ती ठाऊक नाही. गाण्यातील मींडेचेही तेच. साठ आणि एकसष्ट या पट्ट्यांच्या मध्ये, निरोपाच्या हिशेबी, काहीच नाही. पण थांबा, येथेही मिडीवर खापर फोडणे अन्यायाचे होईल. की-बोर्डच्या डाव्या बाजूला एक छोटे चाक असते. ते फिरवले की स्वर वाकतो, आणि ते वाकणे सोळा हजारांहून अधिक पायऱ्यांनी मोजले जाते. एवढी बारीक सोय असताना आमच्या परिसरातील किती वादक त्या चाकाला हात लावतात? आम्ही पाहिलेल्यांपैकी एकही नाही. चाकाची एक खोड आहे: ते एका वाहिनीवरील सर्व स्वर एकदम वाकवते, म्हणजे गाण्याबरोबर षड्जही घसरतो. त्यावर उपाय साधा आहे. षड्ज वेगळ्या वाहिनीवर ठेवावा. २०१८ साली प्रत्येक स्वराला स्वतःची वाहिनी देण्याची रीत मान्य झाली, आणि २०२० साली आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत एकेक स्वर स्वतंत्रपणे वाकवता येतो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी तर १९८२ साली, मिडी बाजारात येण्याआधीच, रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली होती. त्यातील एका यंत्रात स्वरावरून स्वरावर घसरण्याची सोय होती, ती त्यांनी हेरली. यंत्र तेच होते जे दुसरे लोक नाचगाण्याला वापरीत. निवड त्यांची होती.

म्हणूनच जे दुसऱ्या टोकाला जाऊन ‘की-बोर्ड चर्चबाहेर फेका’ म्हणतात, त्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. आपल्या धर्मग्रामातही असे काही वडीलधारे आहेत आणि त्यांचा आम्ही आदर करतो. पण ज्या पेटीसाठी ते आज गहिवरतात, ती तरी कोठली? पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात जन्मलेली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, कारण तिच्या ठरीव पट्ट्यांत मींड नाही, श्रुती नाहीत. म्हणजे आज की-बोर्डवर होतो तोच आरोप! तीस वर्षे ती बंदी टिकली. त्या काळातही आपल्या घरांतून आणि मंदिरांतून पेटी वाजतच होती, कारण वाजवणाऱ्यांनी ती आपल्या गळ्यामागे चालायला शिकवली होती. वाद्य परके असते ते शिकेपर्यंत.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयी जे संविधान दिले, त्यात पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांना दार उघडले आहे. मात्र ते वाद्य पवित्र कार्याला योग्य असावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावे आणि भाविकांच्या उन्नतीला हातभार लावणारे असावे, या अटी घातल्या आहेत. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य स्थान द्यावे, असेही तेथे सांगितले आहे. या अटी तपासण्याचे काम कोणाचे? महासभेने ते त्या त्या प्रदेशातील अधिकाऱ्यांवर सोपवले. आम्ही मात्र ते कारखान्यातून भरून आलेल्या कपाटावर सोपवले आणि वर त्याला प्रगती म्हटले. रविवारच्या मिस्साला विसावा खण उघडतो, लग्नाला एकोणपन्नासावा, तो तंतुवाद्यांच्या ताफ्याचा, आणि अंत्यविधीलाही तोच. आमची मुले हा आवाज ऐकत वाढत आहेत. खणातली शनाई ऐकून त्यांनी उद्या म्हटले की सनई अशीच वाजते, तर त्यांना दटावण्याचा अधिकार आम्हांला राहील काय?

तेव्हा सभेपुढे आमचे म्हणणे असे. पेटी विकली जाणार नाही. त्या प्रस्तावावर आम्ही सही करणार नाही. काकांचे मानधन चालू राहील, आणि मागील दोन वर्षांत जे खंडित झाले ते भरून देण्याचा आम्ही आग्रह धरू. की-बोर्डही राहील. तो वाजवणाऱ्या तरुणांनी मात्र महिनाभर रोज अर्धा तास डावीकडील चाकावर हात बसवावा, आणि प्रत्येक गीतासमोर कपाट व खण यांचे अंक वहीत लिहून ठेवावेत. गीताचा अर्थ वाचल्यावाचून अंक लिहू नये. राहिला प्रश्न रिकाम्या खणांचा. ते भरता येतात. वाद्याचे आघात एकेक करून मुद्रित करायचे, हळू, मध्यम, जोरात, आणि संगणकावर ते आपल्या पसंतीच्या क्रमांकाला बांधून ठेवायचे. की-बोर्ड केबलने संगणकाला जोडला की त्याच्या पट्ट्यांवरून तेच आघात उमटतात. असे आवाज-संच जगभर हौशी लोक नव्वदच्या दशकापासून घरी बसून करीत आले आहेत. आमच्या धर्मग्रामातील संगणक शिकलेल्या मुलांना हे अवघड नाही, असे त्यांनीच आम्हांला सांगितले आहे. डग्ग्याची ‘घे’ काकांच्या हातून घ्यायची असे ठरले आहे. त्यांनी होकार दिला आहे, मात्र मुलांनी आधी तिचा बोल तोंडाने म्हणायला शिकावे ही अट घातली आहे.

घुमटासाठी वाचकांना विनंती आहे. ज्यांच्या घरी जुने, चांगल्या बांध्याचे घुमट असेल त्यांनी ते दोन दिवसांसाठी आमच्याकडे आणून द्यावे, आणि शक्य असल्यास वाजवणाऱ्या आजोबांनाही सोबत आणावे. घोरपडीच्या कातड्याचे नवे घुमट कोणी मढवून आणू नये, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्या प्राण्याला संरक्षण आहे. बकऱ्याच्या कातड्याचे चालेल. मुद्रण पावसाळा संपल्यावर करू, कारण दमट हवेत कातडे ढिले पडते.